पेटीचा हात

माझा हात पेटीचा. पेटीत आवाज लहान-मोठा करायचा तो भात्याने, म्हणजे डाव्या हाताने. उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर नुसती टेकवायची. कितीही जोर लावा, पेटी काही जास्त बोंबलत नाही. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला आमचं घर, तिथे लहानपणापासून मी अशीच वाजवत आले.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. दादा बोटीवर होता, त्याने सिंगापूरहून येताना माझ्यासाठी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणलान. हौसेने वाजवायला बसले, तर सूर जेमतेम ऐकू येतायत! त्या यंत्राला म्हणे बोटाचा जोर कळायचा. जोरात मारलं की सूर मोठा, हळू दाबलं की बारीक. माझं तोंड एवढंसं झालं. दादा मात्र त्याचं इंग्रजी माहितीपुस्तक मांडीवर घेऊन दुपारभर बसला आणि शोधून काढलंन. एक बटण होतं, त्याच्यावर तीन बारके दिवे: हलकं, मध्यम, जड. 'हलकं' लावलं की नुसत्या टेकवलेल्या बोटालाही भरघोस सूर यायचा.

"तुझ्या हाताला हेच हवं," तो म्हणाला. मला रडूच यायचं बाकी राहिलं. माझ्या बोटांचा एवढा विचार तोवर कुणी केला नव्हता.

पुढे चिपळूणच्या एका ऑर्केस्ट्राला कीबोर्ड वाजवणारं माणूस हवं होतं. मालक घरी येऊन मला ऐकणार असं ठरलं. मला जायचंच होतं. इतकं, की घास गिळवेना. बाबा एवढंच म्हणाले, "आधी ऐकू दे त्यांना."

ते आले त्या दिवशी वायर, प्लग सगळं दादानेच लावलंन. "तू फक्त वाजव गो," म्हणाला.

वाजवतेय कसलं, डोंबल! सूरच उमटेना. घाबरून दणका दिला की एखादा सूर कुत्र्यासारखा भुंकायचा आणि पुढचे चार गायब. मी सगळा वेळ आपल्या बोटांकडेच बघत होते. मेल्यांनो, आजच काय झालं तुम्हाला? मालक भला माणूस. चहा संपवून हळूच म्हणाले, "पेटीचा हात आहे हो. यात जोर नाही." मी मान हलवली. मला ते खरंच वाटलं.

ते गेल्यावर कीबोर्डवर कापड घालायला गेले, तर दिवा 'हलकं'वर नाही, 'जड'वर. म्हटलं, लाईट सारखी ये-जा करते, आपोआप झालं असेल. दादावर संशय घ्यायला जीव धजेना. प्लग काढून परत लावला. दिवा 'मध्यम'वर लागला. पुन्हा काढला, पुन्हा लावला. मध्यमच. आपण होऊन ते मेलं 'जड'वर जातच नव्हतं. बटण कुणीतरी दाबावंच लागत होतं.

दादा पडवीत सुपारी कातरत बसला होता.

"तू केलंस?"

"हो." मान वरसुद्धा केली नाही त्याने. "माझ्या मित्राकडची माणसं तुला बघायला यायचीत. रात्री-अपरात्री ऑर्केस्ट्राबरोबर गावोगाव हिंडणारी मुलगी कोण करून घेईल?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "मग सरळ जाऊ नको म्हणायचंस! भांडले असते मी तुझ्याशी, हरलेही असते. पण परक्या माणसासमोर माझी बोटं खोटी पाडलीस तू, दादा. माझ्या हाताला काय लागतं ते तुला एकट्याला ठाऊक होतं, आणि तेच वापरलंस? लाज नाही वाटली?"

अडकित्ता थांबला.

"हरली नसतीस," तो म्हणाला. "बाबा कालच मला म्हणाले, ऑर्केस्ट्रावाल्यांनी घेतली तर जाऊ दे तिला."