काळी बाळुती

माझा धाकटा भाऊ मच्छिंद्र बनसोडे औरंगाबादेत शिकला न् तिथंच संशोधनाला लागला. आईबापाकडनं लेकरात उतरणारे, अन्न पचवण्यातले बिघाड शोधायचे, ही त्याची नोकरी. लोकं सुट्टीला येताना फरसाण आणतात, हा रिकाम्या बाटल्या आणायचा. आमच्या माकणी गावातल्या बाया इचारायच्या, "केशरबाई, भाऊ डाक्टर झाला न्हवं?" म्या म्हणायची, "व्हय, पर सुई टोचत न्हाय, लघवी मागतो." लई लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

बहात्तरचा दुष्काळ सरला, गावात दूध सोसायटी निघाली, त्यानंतरची ही गोष्ट. सोसायटीचा सेक्रेटरी बब्रुवान. त्याची बायको प्रेमा म्हंजे त्याच्या सख्ख्या मामाची पोर. सासू सारजाबाई तिची सख्खी आत्या. त्यांना पोरगा झाला, गावभर पेढे वाटले. मग एक दिवस बब्रुवाननं सोसायटीतला कॅन धुवायचा सोडा घरी आणला. प्रेमानं त्यात बाळुती भिजवली, तर ती काळी पडली. रोजच पडाय लागली. सारजाबाईनं गाव डोक्यावर घेतलं. "माझ्या भावाचं रगत चोख हाय. ही खोट वहिनीच्या माहेरची." प्रेमाला लेकरासकट माहेरी धाडलं न् बब्रुवानसाठी दुसरी पोरगी बघाय लागली. बब्रुवान आईपुढं म्हंजे दावणीचा बैल. मला असा राग आला म्हणून सांगू. बाईनंच बाईचा संसार मोडायचा, ही कुठली रीत?

मच्छिंद्र सुट्टीला आला तवा त्याला सगळं सांगितलं. गडी खुलला, जणू लॉटरीच लागली. मग हसू आवरून म्हणाला, "आक्का, लेकराच्या जिवाला धोका न्हाय. प्रेमाच्या संसाराला हाय. लघवी काळी पाडणारा हा बिघाड आई न् बाप दोघांकडनं आल्याबिगर दिसत न्हाय. त्यांच्या घरातल्यांची लघवी तपासाय पायजे."

सारजाबाई आमच्या घरचं पाणी पीत नव्हती, न् म्या मच्छिंद्रला घेऊन तिच्या दारात काय मागाय गेले तर हे. "माझं कशाला?" ती फणकारली. म्या म्हणलं, "रगत चोख हाय म्हणता, मग भ्या कशाचं?" ती बाटली घेऊन गोठ्याकडं गेली न् भरून आली. मच्छिंद्रनं बूच काढलं, तसं वासावरनंच मला कळलं.

"काकू, तुमी कडबा खाता काय?" म्या इचारलं.

मच्छिंद्रनं हसू दाबलं. "काकू, म्हस ठणठणीत हाय. आता तुमचं द्या."

रागारागानं तिनं दुसरी बाटली आणून आदळली. मच्छिंद्रनं अंगणातच त्यात सोडा टाकला. बघता बघता बाटली शाईवानी काळी झाली. बब्रुवान तोंड वासून बघत ऱ्हायला.

"काकू, हे तुमच्यात पुरं हाय," मच्छिंद्र हळू आवाजात म्हणाला. "तुमच्याकडनं बब्रुवानला अर्धं आलं. प्रेमाला तुमच्या भावाकडनं अर्धं आलं आसंल. दोन अर्धी मिळून लेकरात पुरं झालं. उतारवयात कंबर धरती, कानाच्या कडा निळसर पडतात. भूतबाधा न्हाय, कुणाचा गुन्हाबी न्हाय."

सारजाबाईनं आपल्या निळसर कानाला हात लावला. दुष्काळात खडी फोडून कंबर गेली, असं ती सांगायची. "जलमभर मला कसं दिसलं न्हाय?"

"काळ्या रानात काळं कुणाला दिसतंय?" म्या म्हणलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बैलगाडी जुंपाय लावली न् आमा दोघांना शेजारी बसवलं. भावाच्या दारात उतरून भावजयीला म्हणाली, "वहिनी, तुमच्या माहेराला लई वंगाळ बोलले. नातू माझ्यावर गेलाय. सुनेला न्यायला आले."

प्रेमा लेकराला कडेवर घेऊन दारात हुबी होती. "आत्या, जिच्यात खोट तिनं माहेरी बसायचं, हे तुमीच ठरवलं. हे घर तुमचंबी माहेरच हाय. मग गाडीत म्या बसते, तुमी हितं ऱ्हाता का?"

आता सारजाबाई भडकणार न् समदं मुसळ केरात जाणार, असं मला वाटलं.

"ऱ्हाते," सारजाबाई म्हणाली, न् कंबर धरत खरंच उंबऱ्यात बसली. "तू जा बाई. तुझं घर हाय ते."

मच्छिंद्र माझा पदर वढून डोळे पुसाय लागला. एवढा शिकला, पर ही खोड काय गेली न्हाय.

प्रेमानं लेकरू सारजाबाईच्या मांडीवर ठिवलं न् आत्यासाठी न् स्वतःसाठी शेजारी पाट मांडाय आत गेली.