माडीवरच्या कोरियन पोरीची शाळा

सुनेनं बरणीत दाबलेल्या तिखट-मिठातल्या मुळ्याचा आंबूस वास आला, अन् असाच वास ज्यांच्या घरातून यायचा, ते आमच्या माडीवरचं कोरियन बिऱ्हाड आठवलं. नवरा वीज प्रकल्पावर इंजिनिअर, पोर सहा वर्षांची. तिला गोंदियातच इंग्रजी शाळेत घालावं की चेन्नईच्या कोरियन शाळेत, हे काही ठरत नव्हतं; चेन्नई म्हणजे मायलेकी तिकडं अन् बाप इथं एकटा. मी त्यांची पुस्तकं उलटून पाहायची, अक्षरं कशी चौकटीत बसवल्यासारखी, अन् पोरीच्या आईला म्हणायची, "यहीं रहने दे वं, मैं हूँ ना." पोर दिवसभर माझ्याच मागं. एका रविवारी कोरियातल्या तिच्या आजीनं फोनवर काही सांगितलं, तर पोर म्हणते कशी, "काऊन?" मी खुदकन हसले, आजीला मात्र ते कळेचना. आईनं मला विचारलं, "आंटी, काऊन क्या होता है?" म्हटलं, "क्यों." तिनं पोरीला तोच शब्द कोरियनमध्ये दोनदा म्हणायला लावला. त्याच आठवड्यात चेन्नई ठरली. पुढं एकदा पोरीच्या आईचा फोन आला, "अब घर की भाषा ठीक बोलती है, आंटी." बरं झालं म्हटलं, अन् खरंच बरं झालं, पण पोर माझा शब्द साफ विसरली का, हे विचारायला जीभ रेटली नाही, अन् आता त्यांचा फोनच येत नाही, विचारू तरी कोणाला.