एकहार्ट लेनिकचे दोनशे चाळीस शब्द

एकहार्ट लेनिकने बत्तीस वर्षं आमच्या गावाबाहेरच्या उघड्या खाणीत खोदयंत्र चालवलं. साधंसुधं नव्हे, चार मजली घराएवढं धूड, रुळांवरून सरकणारं, बादल्यांच्या साखळीने कोळशावरची माती ओरबाडणारं. पुढे खाण बंद झाली, खड्ड्यात पाणी सोडलं, ते वर्षानुवर्षं चढत राहिलं आणि त्याचं तळं झालं. आता तिथे पर्यटक येतात. मी मार्लिस, त्याच काठावर सायकली भाड्याने देते.

एकहार्टला तळ्यावरच्या सपाट बोटीवर वाटाड्याचं काम मिळणार होतं. सत्तावन्नाव्या वर्षी असं काम म्हणजे नशीबच म्हणायचं. अट एकच होती. पर्यटन कार्यालयाने एक यादी काढली होती, दोनशे चाळीस इंग्रजी शब्दांची. निम्मे रोजच्या वापरातले, निम्मे पर्यावरणाचे. ते शिकायचे आणि बोटीवरच तोंडी परीक्षा द्यायची. मलाही ती द्यायची होती, कारण सायकली न्यायलाही आता परदेशी माणसं येत होती. म्हणून दर बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं, आणखी चौघांबरोबर, जुन्या शाळेतल्या वर्गात जाऊन बसायचो.

आमच्या पिढीला पूर्व जर्मनीतल्या शाळेत रशियन होती, आणि तीही आम्ही मन लावून शिकलो नव्हतो. इंग्रजीशी एकहार्टची गाठ पडली ती थेट या यादीतच.

शिकवायला फ्राऊ वेर्निके होत्या. पस्तिशीच्या, लाइपझिगहून आलेल्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एकहार्टला विचारलं, "खाणीच्या जागी आता काय आहे, हेर लेनिक?"

"खड्डा."

"त्यात पाणी भरलंय ना? मग काय म्हणायचं?"

"ओला खड्डा."

त्यांनी हसून फळ्यावर शब्द लिहिला. इंग्रजीत त्याचा उच्चार 'लेक', अर्थ तळं. पण एकहार्टने तो आपल्या पद्धतीने वाचला, 'लाके'. आमच्याकडे लाके म्हणजे काकड्या मुरवायचं खारं पाणी. त्याची बायको सीगलिंडे वीस वर्षं काकडीच्या कारखान्यात त्याच पाण्यात हात घालून उभी होती.

"म्हणजे आता मी लोकांना लोणच्याच्या पाण्यात फिरवणार," तो म्हणाला.

सगळे हसले. तो हसला नाही. त्याला खरोखरच राग आला होता. लिहायचं एक, वाचायचं दुसरं, आणि अर्थ तिसराच, हे त्याच्या हिशेबात बसेना. यंत्रावर लाल दांडा म्हणजे थांबा. तो कोणत्याही देशात ओढला तरी यंत्र थांबतं.

मग 'मिस्ट' आला. इंग्रजीत धुकं, आमच्याकडे शेणखत. आणि काही बिघडलं की तोंडातून निघणारी शिवीही तीच. एकहार्टचं काही ना काही सतत बिघडायचं, त्यामुळे तासाभरात तो शब्द दहादा तरी ऐकू यायचा. फ्राऊ वेर्निके म्हणायच्या, "हा शब्द तुमचा अगदी पक्का झालाय, हेर लेनिक."

घरी सीगलिंडेने कंबर कसली. दार, खिडकी, कप, चूल, सगळ्यांवर इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. एकदा मी सायकलची साखळी मागायला त्यांच्याकडे गेले, तेव्हा दोघं जेवायला बसली होती. उकडलेले बटाटे, चक्का, आणि जवसाच्या तेलाची बाटली सीगलिंडेच्या हाताखाली.

"तेल दे."

"इंग्रजीत माग."

"सीगलिंडे, बटाटे गार होतायत."

"परीक्षेतही होतील."

तो बाटलीकडे बघत राहिला. शब्द काही येईना. बाटलीवर चिठ्ठीही होती, पण तिने ती बोटांनी झाकली होती. शेवटी त्याने कोरडे बटाटे खाल्ले, सगळे, तिच्याकडे न बघता. मला म्हणाला, "चिठ्ठी समोर असली की येतं. दाराबाहेर पाऊल टाकलं की डोकं धुतल्यासारखं होतं. तुझं कसं काय राहतं?"

"माझंही गळतं. मी फक्त बोलून दाखवत नाही," मी म्हटलं.

परीक्षा मार्चमध्ये होती. बोटीवर आम्ही सहाजण आणि ड्रेस्डेनहून आलेल्या परीक्षक बाई, मांडीवर कागदांची पाटी घेऊन बसलेल्या. एकहार्टने सुरुवात बरी केली. पाणी, मासा, झाड, पक्षी. घसरणारा काठ धोकादायक असतो, हेही त्याने हातवारे करत का होईना, सांगितलं. मला वाटलं, निभावलं.

मग बाईंनी समोरच्या पाण्याकडे हात केला आणि विचारलं, पूर्वी इथे एक गाव होतं, ते कुठे गेलं?

तिथे लिष्कोव होतं. एकहार्टचं गाव.

इंग्रजीत 'कुठे'ला जो शब्द आहे, तो कानाला आमच्या 'कोण'सारखा लागतो. आमच्या जिभेवर तर दोन्ही एकच. एकहार्टला त्या अख्ख्या वाक्यातले दोनच शब्द कळले: कोण, आणि गाव. त्याचा चेहरा उतरला. त्याने टोपी काढली.

"मी," तो इंग्रजीत म्हणाला. "मी. माझ्या हाताने."

बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश.

"मी," तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने, आणि दोन्ही हात पुढे केले.

बाईंनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. त्यांना हवं होतं ते उत्तर यादीच्या शेवटच्या पानावर छापलेलं होतं: लोकांना शहरात नवी घरं देण्यात आली. एकहार्ट नापास झाला. मी काठावर पास झाले.

धक्क्यावर उतरल्यावर तो मला म्हणाला, "एवढं विचारायची काय गरज होती तिला? कोणी केलं म्हणून?"

मी सांगायला नको होतं, पण सांगितलं. "तिने कोणी विचारलं नाही, एकहार्ट. कुठे गेलं, असं विचारलं."

 तो दोरखंडाच्या खुंटावर बसला आणि त्याने मला सांगितलं. अठ्ठ्याऐंशी साली लिष्कोव रिकामं केलं, घरं पाडली, आणि उरलेल्या जमिनीवर यंत्र आणलं. कोणत्या दिवशी कोणाची पाळी, ते फळ्यावर लिहिलेलं असायचं. आईबापाच्या अंगणापाशी यंत्र पोचलं तेव्हा पाळी त्याची होती. तेवीस वर्षांचा होता. पाळी बदलून मागता आली असती, लोक मागायचे. त्याने मागितली नाही. अंगणात नाशपातीचं झाड होतं, ते आधी तोडायचं कोणीतरी विसरलं होतं. बादल्यांनी ते मुळासकट उचललं आणि सरकत्या पट्ट्यावर टाकलं. बाप पुढे अकरा वर्षं शहरात तिसऱ्या मजल्यावर राहिला. त्या दिवशी यंत्रावर कोण होतं, हे त्याने कधी विचारलं नाही. याने कधी सांगितलं नाही.

"सीगलिंडेला?"

"तिलाही नाही. आणि आज सांगितलं कोणाला, तर पाटी घेऊन बसलेल्या बाईला. तिने विचारलंही नव्हतं." त्याने टोपी गुडघ्यावर आपटली. "आणि वर नापास."

पास होऊनही मी वर्गाला जात राहिले, तो मात्र तीन बुधवार आला नाही. चौथ्या बुधवारी आला तो कोट न काढताच फळ्यापाशी गेला आणि यादी फ्राऊ वेर्निकेंच्या टेबलावर ठेवली.

"यात पुनरुज्जीवन आहे," तो म्हणाला. "जैवविविधता आहे. शाश्वत आहे. अधिवास आहे. गाव उपसून नेलं, याला शब्द कुठाय?"

आमच्या भागात त्याला एकच क्रियापद आहे. लहान पोरंही ते वापरतात: अमुक गाव उपसलं, तमुक गाव उपसलं. फ्राऊ वेर्निकेंनी विचार केला आणि एक इंग्रजी शब्द सुचवला.

"याचा अर्थ?"

"पाडणं."

"पाडली ती घरं. मी जमिनीबद्दल बोलतोय."

त्यांनी दुसरा सुचवला. तो उत्खननाचा निघाला. "ते काहीतरी शोधायला करतात," एकहार्ट म्हणाला. "आम्ही काही शोधत नव्हतो." तिसऱ्याचा अर्थ काढून टाकणं. "डाग काढतात तसं?" त्यांनी जाडा शब्दकोश आणला, मोबाइलवर शोधलं. अर्धा तास गेला. वर्गातले बाकीचे घड्याळाकडे बघायला लागले. शेवटी त्यांनी कोश मिटला.

"मला नाही सापडत, हेर लेनिक. एका शब्दात नसावं. तुम्ही तीन-चार वाक्यांत सांगा."

"तीन-चार वाक्यांत मला जर्मनमध्येही नाही सांगता येत," तो म्हणाला. "आलं असतं तर बापाला नसतं सांगितलं?"

 तास संपल्यावर त्या थांबल्या, आणि तोही थांबला. पुढचे कितीतरी बुधवार ते दोघं वर्गानंतर बसायचे. त्यांची खडाजंगी बाहेरच्या पायऱ्यांवर ऐकू यायची. एकदा त्याने वही भिंतीवर फेकली. एकदा फ्राऊ वेर्निकेंचाही आवाज चढला. मी तो पहिल्यांदाच ऐकला. "क्रियापद शेवटी नाही येत," त्या म्हणत होत्या, "कितीदा सांगू, तुम्ही वाक्य संपेपर्यंत इंग्रज माणूस ताटकळत बसतो." तो म्हणाला, "बसू दे."

याच दिवसांत कधीतरी त्याने सीगलिंडेला सगळं सांगितलं. तिनेच मला सांगितलं, काकड्यांची बरणी द्यायला आली तेव्हा. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "ते पाळ्यांचे फळे कारखान्याच्या वाटेवरच असायचे." तिने हे त्याला बोलून दाखवलं की नाही, ते मी विचारलं नाही.

जूनमधल्या परीक्षेला तो यादी तोंडपाठ करून गेला. लोकांना शहरात नवी घरं देण्यात आली. निसर्गाचं पुनरुज्जीवन झालं. तळं हा अनेक पक्ष्यांचा अधिवास आहे. परीक्षक बाई खूश झाल्या. प्रमाणपत्र मिळालं. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड कडू झाल्यासारखं दिसत होतं.

"पास झालास ना?"

"झालो. एकही शब्द माझा नव्हता."

जुलैत त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. कार्यालयाने दिलेला मजकूर तो सांगायचा, पण लिष्कोवच्या जागी आला की इंजिन बंद करायचा. मग फ्राऊ वेर्निकेंबरोबर भांडून तयार केलेली त्याची चार वाक्यं. इथे माझं गाव होतं. खाली घर नाही, दगडही नाही. यंत्राने सगळं नेलं. यंत्र मी चालवत होतो. बहुतेक लोक मान हलवून फोटो काढायचे. कार्यालयातून दोनदा निरोप आला, फेरीला वेळ फार लागतो म्हणून.

एका दुपारी मी त्याच्या बोटीवर होते. पलीकडच्या काठावर पंक्चर झालेल्या दोन सायकली आणायच्या होत्या. बोटीत एक इंग्रज जोडपं होतं, साठीच्या पुढचं. एकहार्टने इंजिन बंद केलं, चार वाक्यं म्हटली. नवऱ्याने जरा थांबून विचारलं, इथे पोहता येतं का?

"नाही," एकहार्ट म्हणाला. "पाणी आंबट आहे." खाणीच्या मातीमुळे आमच्या पाण्यात आम्ल उतरतं, आणि आमच्या भाषेत आम्ल आणि आंबट एकच. नवऱ्याने लिंबू चाखल्यासारखा चेहरा केला आणि हसला. एकहार्टने ओठ आवळले.

पण ती बाई हसली नाही. ती उठून त्याच्या जवळ आली, त्याच्या बाहीवर हात ठेवला आणि बोलायला लागली. खालच्या आवाजात, भरभर, बराच वेळ. मधेच तिने पाण्याकडे बोट केलं, मधेच स्वतःच्या छातीकडे. तिचे डोळे भरले होते. एकहार्ट मान हलवत राहिला. मग ती जागेवर जाऊन बसली आणि त्याने इंजिन सुरू केलं.

पलीकडे ती दोघं उतरून गेल्यावर त्याने मला विचारलं, "काय म्हणाली?"

"मला नाही कळलं. 'वडील' एकदा ऐकलं. फार भरभर बोलत होती."

"वडील कोणाचे? माझे की तिचे?"

"नाही सांगता येत."

तो सुकाणूला धरून उभा राहिला. "हळू बोला, एवढं म्हणायला हवं होतं. यादीत आहे. शंभरदा घोकलाय. तोंडापर्यंत आला नाही." मग त्याने तो शब्द म्हटला, रिकाम्या बोटीत, आणि लगेच सायकली चढवायला लागला. त्यातली एक त्याने इतक्या जोरात आपटली की तिची घंटा तुटली. मी ती उचलून खिशात टाकली.

पुढच्या बुधवारी तो वर्गात हजर होता. परीक्षा झाली होती, यायचं काही कारण नव्हतं. फ्राऊ वेर्निकेंनी नुसतीच भुवई उंचावली.

"बोलायचं पुरे," तो म्हणाला. "मला ऐकायचं शिकवा."

त्या दिवशी धडा हवामानाचा होता. त्यांनी ध्वनिफीत लावली, कोणी एक इंग्रज उद्याच्या पावसाबद्दल बोलत होता. पाच मिनिटांत एकहार्टने ती तीनदा थांबवायला लावली, आणि चौथ्या वेळी पेन वहीवर टाकून म्हणाला, "हा माणूस श्वास तरी कधी घेतो?"