कूलरसमोरचा शनी

मोठ्या शहरातून भाषण द्यायला आलेल्या त्या माणसाबद्दल मला आजही आदर वाटत नाही, आणि वाटावा अशी इच्छाही नाही. मोहाडीच्या आमच्या मंडळाने ऐन एप्रिलात त्याला दुर्बिणीतून शनी दाखवायला बोलावलं होतं. गोंदिया आमच्या भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी या गृहस्थाने आरंभीच 'भंडारा जिल्ह्यातल्या गोंदियाला' नमस्कार केला. टाळ्या पडल्या. आमच्याकडे पाहुण्याच्या कशालाही टाळ्या पडतात.

पाहुण्याला जमिनीवर कसं उभं करायचं, म्हणून कार्यक्रम समाजमंदिराच्या स्लॅबवर. दिवसभर तापलेला स्लॅब अंधार पडला तरी चपलेतून चटका देत होता. त्यात पाहुण्याला घाम येऊ नये म्हणून मंडळाने लोखंडी कूलर वर चढवला आणि त्याचं तोंड थेट त्याच्याकडे, म्हणजे दुर्बिणीकडेच केलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हटलं, दुर्बीण मागच्या बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या काठावर, गवतात नेऊ या. अध्यक्ष म्हणाले, "पावण्याले का गवतात उभं करता, मॅडम?"

पाहुणा कूलरची हवा खात बोलत होता. गरम आणि गार हवा एकमेकींत मिसळली की ताऱ्याचा प्रकाश कसा वेडावाकडा होतो. मोठ्या दुर्बिणींत तो बिघाड संगणक कसा मोजतो आणि पातळ आरसा मागून ढकलून तेवढाच उलटा कसा वाकवतो. जवळ तेजस्वी तारा नसेल तर लेझरने आकाशात खोटा तारा कसा उभा करतात. सगळं अगदी बरोबर. फक्त कूलर बंद करा, एवढं त्या विद्वानाला सुचलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

रांगेत माझे बाबा होते. जवाहरनगरच्या फॅक्टरीत तयार माल तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि निवृत्तीनंतर वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, बुद्धविहारात सगळ्यांसमोर ग्रंथ तेच वाचत. आपल्या नजरेचा त्यांना अभिमान होता. त्यांच्या आधीचे सगळे दुर्बिणीला डोळा लावून "वा, कडं दिसलं!" म्हणत पुढे सरकले. बाबांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे तं उकळून राहिलं."

"आजोबा, डोळे तपासून घ्या," पाहुणा म्हणाला. सगळा स्लॅब हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी मी परोपरीने समजावलं, दोष कूलरच्या हवेचा होता, डोळ्यांचा नाही. बाबांचं एकच, "एवढा मोठा माणूस खोटा काहून बोलन?" डॉक्टरांनी डोळे ठीक आहेत म्हटलं, तेही त्यांना पटलं नाही. त्या पावसाळ्यात त्यांनी ग्रंथ एका तरुणाच्या हाती दिला आणि स्वतः वाचणंच सोडलं. माईक हातात असलेल्या माणसापुढे पोरीची आणि डॉक्टरची काय किंमत!

पुढच्या उन्हाळ्यात मी शाळेची छोटी दुर्बीण बोडीकाठच्या गवतात मांडली आणि बाबांना जवळजवळ ओढत नेलं. शनी इवलासा, पण स्वच्छ आणि निश्चल. कडं वेगळं दिसत होतं. बाबा पाहत राहिले. ते शनीचं कौतुक करतील म्हणून मी थांबले.

"म्हंजे त्या दिवशी मले बराबरच दिसत होतं," ते म्हणाले.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला तसे ते विहारात गेले. नवा वाचणारा अडखळत होता, पण जागा आता त्याची होती, आणि बाबा काही मागणाऱ्यातले नव्हते. ते मागच्या सतरंजीवर बसले आणि त्याचा प्रत्येक चुकलेला शब्द ओठांतल्या ओठांत दुरुस्त करत राहिले.