टिपणीस व्याह्यांचा सॅमन

आमचे व्याही चंद्रहास टिपणीस यांच्याशी माझं पहिलं भांडण लग्नाच्या जेवणावरून झालं. त्यांच्या मते मासे नसलेलं जेवण म्हणजे उपास. माझ्या मते, ज्या हॉलमध्ये मासे तळले जातात तिथे मंगलाष्टकं म्हणू नयेत. शेवटी विहीणबाई नीलांबरी आणि माझी बायको अनुराधा यांनी परस्पर ठरवून टाकलं आणि आम्हा दोघांना नुसतं कळवलं. तेव्हापासून आमचं छान जमतं. म्हणजे भांडणं होतातच, पण आता एकाच बाकावर शेजारी बसून होतात.

टिपणीस मूळचे ठाण्याचे, सीकेपी, हाडाचे मासेखाऊ. ऐन तिशीत ऑकलंडला आले, माउंट रॉस्किलला राहिले आणि लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून मागच्याच वर्षी निवृत्त झाले. उंची बेताची, आवाज खणखणीत, आणि थंडी असो की पाऊस, पायात जॅण्डल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला. मी पुण्याचा, बॉटनी डाउन्सला राहतो आणि केकसुद्धा अंडं आहे का हे विचारून खातो. असा माणूस त्यांच्याबरोबर मासे पकडायला बोटीत कसा गेला, ते सांगायचं तर आधी त्यांच्या रावसाची गोष्ट सांगायला हवी.

नीलांबरीवहिनींना मुलीच्या, इरावतीच्या वेळी डोहाळे लागले ते रावसाचे. न्यूझीलंडमध्ये रावस कुठला? पण टिपणिसांना आठवलं की मुंबईच्या हॉटेलांत मेनूकार्डावर रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. झालं! इंडियन नाही तर न्यूझीलंडचा सॅमन, फरक कितीसा असणार, असं म्हणून ते ऐटीत भलामोठा सॅमन घेऊन आले. वहिनींनी चिंच-लसूण घालून कालवण केलं. रावस पांढरा आणि सात्त्विक, तर हा नारिंगी आणि तेलकट. कालवणावर बोटभर तवंग आला. वहिनींनी एक घास घेतला आणि उठून ज्या गेल्या, त्या दिवसभर झोपूनच होत्या. बायकोचे डोहाळे आपल्याला पुरवता आले नाहीत, ही गोष्ट टिपणिसांनी मनाला फार लावून घेतली.

मग त्यांनी जुनी बोट घेतली. दुकानात मिळत नाही ना, मग मीच पकडतो! एकदा काहावाई नावाचा मासा गळाला लागला, तेव्हा धक्क्यावरचा एक ऑस्ट्रेलियन म्हणाला की आमच्याकडे ह्यालाच सॅमन म्हणतात. टिपणीस हर्षभरित होऊन घरी. वहिनींनी तो काळपट मासा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “अहो, जगात ज्याला नाव सुचत नाही त्याला सॅमन म्हणतात का?”

पण बाई हिकमती. हळूहळू त्यांनी त्या नारिंगी सॅमनलाच वठणीवर आणलं. तेल कसं काढायचं, चिंच किती वाढवायची, सगळं बसवलं. घरात त्या कालवणाचं नाव मात्र ‘रावस’च राहिलं. इरावती ते खाऊनच वाढली. खरा रावस तिने जन्मात पाहिलेला नाही. तिच्या लेखी रावस म्हणजे नारिंगीच.

ही इरावती आता माझी सून. माझा देवव्रत आणि ती दोघं नोकरीसाठी पार दक्षिणेला, डनीडनला असतात. या वर्षी तिला दिवस गेले आणि आम्ही चारही म्हातारे हवेत तरंगायला लागलो. पण पोरीच्या पोटात अन्न ठरेना. पहिले महिने असं होतंच, असं सगळ्या बायका सांगत होत्या. पाचवा लागला तरी तेच. घास घ्यायचा आणि बाथरूमकडे धावायचं. डॉक्टरीण म्हणाली, वजन आणखी उतरलं तर ॲडमिट करून सलाईन लावावं लागेल. देवव्रतचा फोनवरचा आवाज ऐकून माझ्याच तोंडचं पाणी पळालं.

मग एका संध्याकाळी इरावती टिपणिसांना फोनवर म्हणाली, “बाबा, आय फील लाइक ईटिंग आईचं रावस.”

झालं, दुसऱ्या दिवशी आम्ही चौघंही डनीडनला. वहिनींनी पोचल्या पोचल्या सुपरमार्केटमधला सॅमन आणून कालवण केलं. इरावतीने डोळे मिटून वास घेतला, हसली, एक घास घेतला. आणि उठून धावली.

टिपणीस बराच वेळ त्या ताटाकडे बघत बसले होते. मग म्हणाले, “पाळलेला मासा तो. पिंजऱ्यातला. त्यात काय असणार? समुद्रातला आणतो.”

“सॅमन तो सॅमन,” मी म्हणालो. “हट्ट कसला करताय?”

“दामले, दुकानातला आणून एकदा काय झालं ते मी बघितलंय. आज परत बघितलं. तुम्ही येताय का नाही तेवढं सांगा.”

शेजारच्या ग्रॅहमने आपली छोटी ॲल्युमिनियमची बोट, गळ, दांड्याचं जाळं सगळं दिलं. निघताना ओरडून म्हणाला, “प्रीस्ट इज अंडर द सीट, मेट!”

मी दचकून सीटखाली वाकून पाहिलं. तिथे एक आखूड लाकडी दांडकं होतं. टिपणीस खो खो हसायला लागले. मासा वर घेतला की एका टोल्यात त्याला मोक्ष द्यायचा, म्हणून त्या दांडक्याला प्रीस्ट म्हणतात म्हणे. “म्हणजे आज बोटीत दोन भटजी,” ते म्हणाले. “एक सीटखाली आणि एक सीटवर!” व्याही नसते तर ढकलून दिलं असतं.

पोर्ट चाल्मर्सच्या पुढे, खाडीच्या तोंडाकडे आम्ही सावकाश बोट फिरवत होतो. मागे लांब दोर सोडलेले, त्यांच्या टोकाला चकाकणारे पत्र्याचे चमचे. त्यांना छोटे मासे समजून सॅमन झडप घालतो म्हणे. मला थंडी वाजत होती आणि लाइफ जॅकेट हनुवटीला टोचत होतं. पहिला लागला तो भलताच दातेरी मासा, चमचाच घेऊन पळाला. नंतर तास न् तास काही नाही. टिपणीस एरवी बोटीत गप्पांचा नुसता पाऊस पाडतात असं ऐकून होतो. त्या दिवशी एक शब्द नाही. नजर दोरावर. तेव्हा मला त्यांची मनापासून दया आली आणि ती लपवायला मी थर्मासमधल्या चहाला नावं ठेवली.

आणि दोर ताठ झाला.

काय सांगू! रीळ किंचाळत होतं, काठी कमानीसारखी वाकली होती, आणि टिपणीस उभे राहून “जाळं! दामले, जाळं!” असे ओरडत होते. मी आयुष्यात माशाला हात लावलेला नाही. पण त्या क्षणी मला फक्त बाथरूमकडे धावणारी सून दिसत होती. मी वाकलो, जाळं पाण्यात घातलं आणि ते रुपेरी धूड ओढून आत घेतलं. मीच! शास्त्राला सोडून, दोन्ही हातांनी!

“भटजी द्या!” टिपणीस म्हणाले. मी दांडकं दिलं. त्यांनी डाव्या हाताने मासा दाबून धरला, उजवा हात उचलला आणि तसेच थांबले. डावा हात माशाच्या पोटावरून हळूच फिरला.

“दामले, गाभोळीची आहे.”

गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. मला तो शब्द ठाऊक झाला त्यांच्याच ताटावरून. टिपणिसांच्या मते मासा हे गाभोळीचं नुसतं वेष्टन.

“मग उत्तमच की!” मी म्हणालो.

“उत्तम काय? घरी पोरगी पोटुशी आहे हो.”

“अहो, तिच्यासाठीच चाललंय ना हे सगळं?” माझा आवाज चढला. “तिकडे तिच्या पोटात कण ठरत नाही आणि तुम्हाला इथे भूतदया सुचतेय?”

“तिच्यासाठीच म्हणतोय.” त्यांनी दांडकं खाली ठेवलं. “ह्या आता नदीत शिरतात. जिथे जन्मल्या तिथेच जाऊन अंडी घालतात. कितीही लांब आल्या असल्या तरी. बाळंतपणाला माहेरीच चाललीय ती.”

त्यांनी गळ सोडवला, बोटीबाहेर वाकून तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं. तिचे कल्ले हलायला लागेपर्यंत तसेच वाकून राहिले. “जा बाई,” म्हणाले. शेपटीचा एक फटकारा बसला आणि आम्ही दोघंही भिजलो.

घरी आलो ते हात हलवत. वहिनी आणि अनुराधा दारातच उभ्या. इरावती सोफ्यावर पांघरूण घेऊन बसली होती, देवव्रत तिच्या पायाशी. टिपणीस तिच्यासमोर खाली बसले आणि अपराध्यासारखं सगळं सांगून टाकलं.

“वेट,” इरावती म्हणाली. “गाभोळी होती? अँड यू लेट इट गो? यू?” आणि ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पाणी थांबेचना. वहिनी जवळ जाऊन बसल्या.

डोळे पुसून ती म्हणाली, “शी गोज ऑल द वे बॅक? जस्ट फॉर दॅट?”

“हो गं. सगळ्याच जातात.”

तिने पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाली, “आय ॲम हंग्री.”

घरात होता फक्त अनुराधाने लावलेला वरणभात. वर तूप, लिंबू. इरावतीने एक घास घेतला. आम्ही पाचही जण श्वास रोखून बाथरूमच्या दाराकडे बघत होतो. दुसरा घास घेतला. तिसरा. ती उठली नाही. ताट रिकामं झालं.

“बाबा,” ती म्हणाली, “आय वॉन्ट टू कम होम टू हॅव द बेबी.”

देवव्रतने तिचा हात घट्ट धरला आणि मान हलवली. टिपणिसांच्या त्या खणखणीत आवाजाचं काय झालं कोण जाणे. ते माझ्याकडे बघू लागले. सुनेला माहेरी धाडायचं ते सासऱ्याने, ही रीत त्या मासेखाऊ माणसाने त्या घडीलासुद्धा पाळली. मला भडभडून आलं आणि म्हणून मी नेहमीसारखा चिडलो.

“माझ्याकडे काय बघताय, टिपणीस? न्या तिला. आणि आधी उठा, भात वाढा तिला अजून.”