आबांच्या मोटारीचा क्लच

लिहिण्याची सवय नसताना, तीही या वयात, एका माणसाविषयी लिहायला बसले आहे. या धिटाईबद्दल वाचकांनी क्षमा करावी. मी कळंबला शाळेत भूगोल शिकवीत असे. आबा माझे शेजारी. मोटार काढण्यापूर्वी ते क्लचचे पेडल आधी हाताने दाबून बघत, मग मेंढराच्या पाठीवर ठेवावा तसा तळहात बॉनेटवर ठेवत. "आज बरी हाय," असा निर्वाळा दिला, की मगच आजारी बायकोला, म्हणजे काकूंना, उचलून आत निजवत.

काकूंना डायलिसिससाठी बारामतीला न्यावे लागे. इतर कोणत्याही गाडीत त्यांना ओकाऱ्या होत. या जुन्या मोटारीच्या मऊ, रुंद बाकावर मात्र त्या माझ्या मांडीवर डोके ठेवून शांत पडत. माझा एक हात त्यांच्या कपाळावर, दुसरा पुढच्या सीटला घट्ट. "बाई, सीट उपटून घरी न्यायची हाय का?" आबा आरशातून विचारत. मला हसू येत नसे.

पुढे आबांचा डावा गुडघा गेला. केबलचा जड क्लच दाबताना त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मला आरशात दिसे. तेव्हा इंदापूरच्या मिस्त्रीने केबल काढून टाकली आणि पायाचा जोर नळीतल्या तेलातून पुढे पोचेल अशी हायड्रॉलिक जोडणी केली. "आबा, ह्या डबीत फकस्त ब्रेक ऑइल. दुसरं थेंबभर बी न्हाय," त्याने बजावले. आबा हरखले. "आगं, नुसता पाय ठिवला की जातंय खाली!" त्यांनी काकूंना सांगितले.

उसाच्या हंगामात डबीतले तेल उतरले. आमच्याकडे घरोघरी ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा असतो; आबांनी त्यातलेच ओतले. मी चाचरत मिस्त्रीचे शब्द आठवून दिले.

"बाई, जे तेल आख्खा नांगर उचलतं, त्याला माझा पाय जड हुणार हाय व्हय?"

त्या तेलाने आतली रबरे फुगली. काही दिवसांनी बारामतीला जाताना कालव्याच्या पुलापाशी उसाची ट्रॉली पुढे थांबली. आबांनी क्लच दाबला. पेडल खाली गेले आणि तिथेच पडून राहिले. मोटार गिअरमध्येच पुढे सरकत होती. आबा भांबावून पाय पुन्हा पुन्हा आपटत होते. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोके काचेला लागली.

"आबा, किल्ली!" मी ओरडले. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केले आणि ब्रेकवर अंग टाकले.

काकूंनी डोळे उघडले. "आली का बारामती?"

"न्हाय. जरा थांबलोय," आबा म्हणाले. स्टिअरिंगवरचे हात त्यांना सोडवत नव्हते.

मिस्त्रीने सगळी रबरे बदलली. पण "बरी हाय" हे शब्द आबांच्या तोंडून पुन्हा आले नाहीत. एके दिवशी त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "बाई, तुमच्या लायसनला गंज चढंल. तुमी चालवा."

"मला भीती वाटते, आबा."

"मला बी रोज वाटती. म्हणून तर हात लावून बघतो."

बॉनेटवरचा तो हात म्हणजे मोटारीचा लळा, असे मला तोवर वाटत होते. किल्ली मी घेतली नाही.

गेल्या आठवड्यात आबा झोपेतच गेले. काकूंना दुसऱ्या गाडीने नेले; वाटभर त्या ओकत राहिल्या. परतल्यावर त्यांनी उशाखालची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

आज सायंकाळी मी पेडल हाताने दाबून पाहिले. बॉनेटवर तळहात ठेवला. मला काहीच कळले नाही. उद्या तोच पूल आहे, ट्रॉल्याही असतील. मी पुढे बसणार. मागे काकूंचे डोके मांडीवर घ्यायला कोणीतरी हवे. तुम्ही याल का?