चंद्री म्हशीचा उपदेशक

कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्याच वर्षी आमच्या चर्चच्या मंडळीने मला निवृत्त केलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण मी तो बरेच दिवस लावत बसलो होतो. महाराजांचं राज्य गेलं, माझं बाजारातलं राज्य गेलं. फरक एवढाच की त्यांच्यासाठी लोक हळहळले. मला निरोपादाखल एक छत्री मिळाली, आणि नव्या पाळकसाहेबांनी माझ्यासाठी प्रार्थना करताना चुकून दुसऱ्याच एका उपदेशकाचं नाव घेतलं. तो बिचारा दोन वर्षांपूर्वीच प्रभूकडे गेला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे आमेन म्हणाले, मीही म्हणालो.

माझं नाव शमुवेल धोंडिबा आवळे. गल्लीतल्या लोकांना शमुवेल म्हणणं जड जातं, म्हणून मी शामूतात्या. बायबलातल्या शमुवेलाला देवाने नाव घेऊन हाक मारली होती. तरुणपणी मलाही तशी हाक आली, अशी माझी पक्की समजूत आहे. माझी बायको रूथ म्हणते, आली असेल, पण ती शेजारच्या कुणाला तरी असणार, तुम्ही उगाच ओ देऊन बसलात. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

माझं काम बाजारात उपदेश करण्याचं. एखाद्या दुकानाच्या ओट्यावर उभं राहायचं, झांज वाजवून गाणं म्हणायचं, माणसं गोळा झाली की शुभवर्तमान सांगायचं. उपदेशाला तीन मुद्दे असतात असं मला मिशनच्या शाळेत शिकवलं होतं, आणि मी ते वेदवाक्य मानलं. पहिल्या मुद्द्याला गर्दी असायची. दुसऱ्या मुद्द्याला दोन-चार म्हातारे उरायचे, तेही ओट्याला सावली असेल तर. तिसरा मुद्दा मी आणि ओट्याखालचं कुत्रं मिळून पुरा करायचो. माझा उपदेश शेवटपर्यंत ऐकलेला माणूस मी जन्मात पाहिलेला नव्हता. रूथ घरी सराव ऐकायला बसायची, पण तिसरा मुद्दा आला की तिचं काहीतरी चुलीवर करपायचंच.

आणि चर्चमधल्या पुलपीटवर, म्हणजे उपदेशाच्या उंच चौथऱ्यावर, तर मला कधी कुणी चढू दिलं नाही. ते दीक्षा घेतलेल्या पाळकांसाठी. माझ्यासारख्या बाजारी उपदेशकाने खाली बाकावर बसायचं आणि चुका काढायच्या. चुका मी मनापासून काढल्या. पण मरण्यापूर्वी एकदा तरी त्या पुलपीटवर उभं राहावं आणि बसलेल्या, उठून जाता न येणाऱ्या माणसांना तिन्ही मुद्दे ऐकवावेत, ही इच्छा मात्र मनातून जाईना. देवाकडे मी दुसरं फारसं मागितलेलं नाही.

मंडळीने निवृत्त केलं तरी देवाने केलं नाही, असं मी ठरवलं आणि रोज गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जायला लागलो. आमच्या कोल्हापुरात गवळी घागरी घेऊन हिंडत नाहीत, म्हैसच बाजारात आणून उभी करतात. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळतं दूध तसंच पेल्यात ओतून द्यायचं. पैलवान, हमाल, कारकून सगळे तिथे ओळीने उभे असतात. माझा हिशेब साधा होता. दूध हातात पडेपर्यंत गिऱ्हाईक जागचं हलत नाही. अशा अडकलेल्या माणसाला तारणाची गोष्ट सांगावी. हिशेब बरोबर होता, फक्त कोल्हापूरचे गवळी धार फार झपाट्याने काढतात. पहिला मुद्दा अर्ध्यावर येतो तोच लोक मिशा पुसून चालते व्हायचे.

तिथेच हंबीरराव भेटला. वडणग्याचा गडी, दोन वेळा म्हशी घेऊन पूल ओलांडून यायचा. दसऱ्यानंतर त्याच्या चंद्री म्हशीचं रेडकू मेलं आणि चंद्री पान्हा चोरायला लागली. आंबोण पुढे ठेवलं, ते खाऊन घ्यायची. मेलेल्या रेडकात पेंढा भरून तिच्यापुढे उभं केलं, तर तिने एकदा हुंगलं आणि चरवीला लाथ घातली. एके संध्याकाळी मी शेजारीच उभा राहून नेहमीचं गाणं सुरू केलं होतं. ‘मेंढपाळ धनी माझा हिंडे काट्याकुट्यांत.’ माझंच रचलेलं, चालही माझीच, म्हणजे जात्यावरच्या ओवीची आईकडून उचललेली. गाणं ऐकून नेहमीप्रमाणे माणसं पांगली. चंद्रीने मात्र कान पाडले, डोळे मिटले आणि पान्हा सोडला.

दुसऱ्या दिवसापासून हंबीररावने मला सोडलं नाही. मी त्याला स्पष्ट सांगितलं की माझं पाचारण माणसांसाठी आहे, जनावरांसाठी नाही. तो म्हणाला, व्हय की, पण माणसं कुठं ऐकत्यात तुमचं. मी गाऊ लागलो. घरी येऊन रूथला सांगितलं तर ती हसून हसून चुलीपुढे बसली. बायबलातल्या बलामाशी निदान त्याचं गाढव बोललं तरी, असं म्हणाली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मी चंद्रीचा उपदेशक झालो. चाळीस वर्षांच्या सेवेत माझ्या शब्दाने पाझर फुटलेला हा एकच जीव.

आणि मग बावन्न सालच्या उन्हाळ्यात, ईस्टर होऊन गेल्यावर, पाळकसाहेब घरी आले. त्यांना पुण्याला सभेसाठी जायचं होतं आणि त्या रविवारच्या संध्याकाळच्या उपासनेला कोणीच मिळत नव्हतं. हे ‘कोणीच मिळत नव्हतं’ त्यांनी दोनदा सांगितलं. मला ते ऐकूच आलं नाही. मला एवढंच ऐकू आलं, की पुलपीट.

त्यानंतरचा आठवडा रूथने कसा काढला ते तिलाच ठाऊक. विषय मी हरवलेल्या मेंढराचा घेतला. शंभरातलं एक मेंढरू चुकतं, मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्याच्यामागे जातो. मुद्दा पहिला, मेंढरू कसं हरवतं. मुद्दा दुसरा, मेंढपाळ कसा शोधतो. मुद्दा तिसरा, आनंद. एका वडिलांकडून, म्हणजे मंडळीच्या पंचांपैकी एकाकडून, काळा कोट मागून आणला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा असा वास होता की पहिल्या बाकावरच्यांना तारणाआधी शिंका येणार हे नक्की होतं. पण कोट हवाच होता, कारण माझ्या चांगल्या शर्टाची फक्त पुढची बाजू चांगली होती. पाठ विरल्यावर तिथे रूथने आपल्या जुन्या फुलाफुलांच्या परकराचं कापड लावलं होतं.

हंबीररावला मी सांगून ठेवलं की रविवारी संध्याकाळी चर्चमध्ये माझा उपदेश आहे, मी येणार नाही. एक वेळ चालतंय, तो म्हणाला. पण रविवारी सकाळी मला वाटलं, घसा राखायला हवा. देवाच्या कामासाठी राखून ठेवलेला आवाज म्हशीवर कशाला घालवा? म्हणून सकाळीही गेलो नाही, निरोपही धाडला नाही. ज्येष्ठमध तोंडात धरून घरात बसलो आणि रूथशी खुणांनी बोललो. तिला तो दिवस फार आवडला.

संध्याकाळी पुलपीटवर चढलो. वरून माणसं निराळीच दिसतात. सगळ्यांचे भांग दिसतात. रूथ बायकांच्या बाजूला दुसऱ्या बाकावर बसली होती. मी सुरुवात केली आणि आवाज असा सुटला की माझा मलाच अभिमान वाटला, जो पुलपीटवर वाटू नये असं म्हणतात. मेंढरू हरवलं. कोणी उठलं नाही. मी दुसऱ्या मुद्द्यावर आलो, मेंढपाळाला डोंगरात धाडलं, आणि तरीही कोणी उठलं नाही.

तेवढ्यात दारात हंबीरराव दिसला. पागोटं काढून हातात धरलं होतं. मला वाटलं, बघा, आला, शेवटी एक आत्मा आला. मग त्याच्या मागे अंगणात चंद्री दिसली. मागचे पाय फाकून उभी होती आणि हंबरत होती. मी गेलो नव्हतो, म्हणजे सकाळीही तिने थेंब दिलेला नसणार. कास दगडासारखी झाली असणार, हे मला पुलपीटवरून कळलं. आणखी थोडा वेळ गेला तर सड सुजतील, कासेत गाठ धरेल, आणि हंबीररावच्या दावणीची दुभती म्हैस कायमची भाकड होईल. हे सगळं कळून मी काय केलं? मी आवाज वाढवला. मेंढपाळ काटे तुडवत कसा गेला, ऊन कसं, तहान कशी, हे मी अधिकच रंगवून सांगायला लागलो. माझा तिसरा मुद्दा राहिला होता. तो मी चाळीस वर्षं जपला होता.

मी रूथकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती, हे वाईट. नव्याण्णव सोडून एकामागे गेलेल्या मेंढपाळाची गोष्ट सांगणारा हा माणूस आता काय करतो, ते ती शांतपणे बघत होती. अशा वेळी बायको शांत असली की माणसाचं काही चालत नाही. मी बायबल मिटलं. “मंडळी, जरा बसा,” एवढं बोललो आणि खाली उतरलो.

अंगणात जाऊन चंद्रीजवळ उभा राहिलो आणि गाणं सुरू केलं. तिने फुरफुरून मान झटकली आणि दोर ताणून मागे सरली. तिचा रोजचा शामूतात्या तिला ओळखू येईना. डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन आलेला हा काळा डगला कोण?

“कोट काढा, तात्या,” हंबीरराव म्हणाला.

मी चर्चकडे पाहिलं. दारं-खिडक्या उघड्या, आणि खिडक्यांत डोकी. ज्यांच्या चुका मी जन्मभर काढल्या ती सगळी मंडळी. मी कोट काढला. पाठीवरची फुलं त्यांच्याकडे करून उभा राहिलो आणि पुन्हा गायला लागलो. पण लाजेने म्हणा, रागाने म्हणा, एवढा ज्येष्ठमध चघळलेला घसा ऐन वेळी बसला. दोन ओळी कशाबशा निघाल्या आणि पुढे नुसता वारा. चंद्री माझ्याकडे बघत राहिली. हंबीररावने तिच्या कासेवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला पुलपीट आठवलं नाही. मी मनात म्हणालो, देवा, एवढ्या म्हशीपुरता आवाज दे.

आवाज आला, पण माझा नाही. आतून रूथ गायला लागली होती. माझंच गाणं, वरच्या पट्टीत, नेहमीसारखं सुराला सोडून. पन्नास वर्षं तिने ते माझ्या तोंडून ऐकलं होतं आणि एकदाही बरं म्हटलं नव्हतं. मग बायकांनी धरलं, मागून पुरुषांनी. ओवीचीच चाल, कुणाला शिकवावी लागली नाही. मी चंद्रीच्या कपाळावर हात ठेवून ओठ हलवत राहिलो. तिने कान पाडले. डोळे मिटले. चरवीत पहिली धार वाजली तेव्हा हंबीररावने तिच्या कुशीला डोकं टेकलं.

दोन्ही हातांनी धारा काढत, माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, “तात्या, त्या मेंढराचं फुडं काय झालं?”

मला कळेना कुठलं मेंढरू.

“तुमच्या त्या गोष्टीतलं. मी दारात कवाधरनं हुबा हुतो की. म्हटलं, मेंढरू गावलं की हाक मारावी. पर तुमचं लौकर गावंना.”

चाळीस वर्षं मी या शहरात ओरडलो. पुढं काय झालं, असं मला कोणी विचारलं नव्हतं. मग बसक्या आवाजात सांगितलं, की मेंढपाळ थांबला नाही, अंधार पडला तरी थांबला नाही.

“आन् बाकीची? त्यांस्नी कुणाच्या भरवशावर टाकून गेला त्यो?”

याचं उत्तर माझ्या तिन्ही मुद्द्यांत नव्हतं. आत गाणं चालूच होतं, आणि रूथचा बेसूर आवाज सगळ्यांच्या वर होता.

“असंल की घरचं कोणतरी,” मी म्हणालो.

“मग हरकत न्हाय,” हंबीरराव म्हणाला. “सांगा फुडं.”

मी शर्टाच्या बाहीला डोळे पुसले आणि दुसरा मुद्दा जिथे सोडला होता तिथून धरला. चरवी भरली, चंद्री वैरणीला लागली. हंबीररावने चरवी बाजूला ठेवली आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला. मी तिसऱ्या मुद्द्यावर आलो तेव्हाही तो तिथेच होता.